माझी सव्वा मूठ

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात घरोघर कानबाई देवी बसते. आमच्या घराण्यात तिच्या नैवेद्याच्या रोटाचा नियम असा, की घरात जितके पुरुष तितक्या सव्वा मुठी गहू. तान्ह्या पोरापासून दात पडलेल्या म्हाताऱ्यापर्यंत प्रत्येकाच्या नावानं सव्वा मूठ सुपात पडायची, ती दळायची, तिचे पुरणाचे रोट करायचे आणि ते फक्त भाऊबंदांनी खायचे. परक्याला तुकडाही चालत नाही. लग्न होऊन गेलेल्या लेकीलाही चालत नाही. एकदा सुरू झालेली मूठ बंद होते ती माणूस मेल्यावरच. वडील गेले त्या श्रावणात त्यांची मूठ बंद झाली, तेव्हा आई रिकामं सूप हातात धरून बराच वेळ तशीच बसली होती.

सरकारी खानेसुमारी, म्हणजे जनगणना, झाली त्या वर्षी माझी मूठ बंद करायची की नाही, यावर आमच्या ओट्यावर तीन दिवस खल चालला. मी त्याच ओट्याच्या कोपऱ्यात बसून दोन्ही वेळा पोटभर जेवत होतो.

माझा गुन्हा काय, तर मी देव मानत नव्हतो. एवढंच असतं तर भागलं असतं. देव न मानणारे गावात आणखी दोघे होते. ते शहाद्याच्या बाजारात चहा पीत देवाला चार शिव्या हासडत आणि संध्याकाळी बायकोच्या धाकानं आरतीला उभे राहत. त्यांचं कोणाला काही वाटत नसे. माझी पंचाईत वेगळी होती. देव मला पटत नव्हता, पण हात जोडल्याशिवाय राहवत नव्हतं. सकाळी तापीच्या काठावर ऊन वर आलं की मी उन्हाला हात जोडायचो. पेरणीआधी काळ्या मातीचा चिमूटभर टिळा लावायचो. कापसाचं पहिलं बोंड फुटलं की झाडाजवळ उभा राहून म्हणायचो, "बरं केलंस." ते झाड आहे, त्याला कान नाहीत, त्याच्यात कोणी बसलेलं नाही, हे मला चांगलं ठाऊक होतं. पण ज्याच्या जिवावर आपण जगतो त्याच्यासमोर ताठ मानेनं उभं राहणं मला उद्धटपणाचं वाटे. अजूनही वाटतं.

ही अक्कल धुळ्याला इंटरपर्यंत शिकताना आली, असं गाव म्हणे. तिथं भूगोल शिकलो आणि परत येऊन खळ्यात एक खांब रोवला. वर्षातल्या सगळ्यांत लहान दिवशी भर दुपारी त्याची सावली सगळ्यांत लांब पडते. तो दिवस मी सण म्हणून पाळायला लागलो. बैलांना सुट्टी, माणसांना सुट्टी, कडुलिंबाखाली ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत. पूजा नाही, आरती नाही. उद्यापासून ऊन वाढणार, एवढीच आनंदाची गोष्ट.

पहिल्या वर्षी लोक नुसतं भरीत खाऊन गेले. दुसऱ्या वर्षी सकाळी बघतो तर खांबाला कुंकू. मी बादलीभर पाण्यानं ते धुऊन टाकलं आणि जमलेल्यांना अर्धा तास समजावलं, की हा खांब आहे, लाकडाचा आहे, मीच रोवलाय. सगळ्यांनी माना डोलावल्या. तिसऱ्या वर्षी कुंकू लावायला रांग होती. चौकशी केली तेव्हा कळलं, की मागच्या वेळी ज्या बाईचं कुंकू मी धुतलं तिच्या म्हशीला रेडी झाली. आता बायका सकाळी कुंकू लावत आणि दुपारी मी ते धुवायची वाट बघत थांबत. न धुवावं तर खांबाचा देव होणार, आणि धुवावं तर माझा पुजारी. मी चिडून खांबच उपटला. तर लोक म्हणाले, यंदा देव लवकर उठला.

गावात नाही तर नाही, पण डोंगरातल्या माणसाला तरी माझं म्हणणं कळेल, अशी माझी समजूत होती. आमचा सालदार सातपुड्यातला होता. वर्षाच्या बोलीनं कामाला राहिलेला म्हातारा. मला लहानपणी खांद्यावर घेऊन हिंडलेला. त्याच्याकडे नवं धान्य आधी रानाला दाखवल्याशिवाय तोंडात घालत नसत. मी त्याला मोठ्या विश्वासानं सांगितलं, की तुझं आणि माझं एकच आहे. त्यानं बिडी विझवली आणि मला नीट प्रश्न विचारले.

"तुन्हा झाडले कोंबडं लागस?"

"नही."

"दारू?"

"नही."

"काही नही दिधं तं रागे भरस?"

"झाड कसं रागे भरी?"

"मंग हात कशाले जोडस?" तो म्हणाला. मग त्यालाच माझी कीव आली. "लई गरीब शे तुन्हा देव."

"तो देव नही शे."

"मंग तं आखो जास्ती गरीब."

त्या दिवसानंतर तो घरून येताना कधी मोहाची फुलं आणायचा, कधी चारोळी. माझ्या गरीब देवाला म्हणून नाही, मला म्हणून. मला वाटतं, त्याला भीती होती की असल्या देवाच्या भरवशावर मी उपाशी मरेन.

तर अशी सगळी तऱ्हा असताना खानेसुमारी आली. आमच्याकडे कागद भरायला शाळेचे मास्तर आले. ते नाशिककडचे, स्वभावानं भित्रे, अक्षर मोत्यासारखं. नाव, वय, शिक्षण, शेती असं सगळं सुरळीत चाललं आणि धर्माशी गाडी अडली.

"हिंदू लिहितो," मास्तर म्हणाले.

"मी देव मानत नाही."

"मग धर्म नाही, असं लिहू?"

"धर्म आहे की. ऊन, नदी, माती, झाडं. यांना मी मानतो."

"देव म्हणून?"

"नाही. ऊन म्हणून, नदी म्हणून."

मास्तरांनी टाक खाली ठेवला. नोकरीचा प्रश्न होता बिचाऱ्याचा. "तुमच्यासाठी मी एकट्यानं नवा धर्म काढायचा म्हणता?"

"काढू नका. मी सांगतो तेवढं लिहा."

घाम पुसत त्यांनी काहीतरी लिहिलं आणि उठले. काय लिहिलं ते मी बघितलंही नाही. पण माझा चुलतभाऊ मास्तरांच्या मागे उभा होता, त्यानं वाचलं. रकान्यात जागा कमी होती म्हणून मास्तरांनी लिहिलं होतं, 'झाडे वगैरे'. वर कचेरीत त्याचं पुढं काय झालं देव जाणे. म्हणजे, कोणीच जाणत नाही. गावात मात्र संध्याकाळपर्यंत पारावर, पाणवठ्यावर तेच. शहाद्याच्या बसमध्येसुद्धा एक जण मला बसायला जागा देत म्हणाला, "या झाडे वगैरे."

मी हसण्यावारी नेलं. चार महिने कोणी काही बोललं नाही. नागपंचमी झाली, आणि शनिवारी मुठी टाकायच्या म्हणून बुधवारी आबांनी भाऊबंद बोलावले. आबा म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, घरातले कर्ते. रागीट नव्हते, पण नियमाचे पक्के. त्यांनी घसा साफ केला.

"सरकारना कागदवर लिखाई गयं. हऊ आते आपला धरमना नही. आपला धरमना नही, तं भाऊबंद नही. भाऊबंद नही, तं रोट कसा चालई?"

मी म्हणालो, "आबा, कागदवर झाडे लिखेल शे. झाड लिखं म्हनीसन कोनी परका व्हस का?"

चुलतभाऊ म्हणाला, "नुसतं झाडे नही. वगैरे बी लिखेल शे. वगैरेमा काय काय व्हई, कोनले मालूम?"

हा मुद्दा सगळ्यांना पटला. झाडांचं समजून घेता येईल, पण वगैरेची जबाबदारी कोण घेणार? दुसऱ्या दिवशी मास्तरांना बोलावून घेतलं. ते अंग चोरून ओट्याच्या कडेला बसले आणि म्हणाले, वगैरे हा शब्द त्यांनी केवळ सोयीसाठी लिहिला. आबांनी विचारलं, सोयीसाठी म्हणजे त्यात काहीच नाही का? मास्तर म्हणाले, तसं म्हणाल तर त्यात सगळंच येतं. मग सगळ्यात कानबाई येते का, असं एकानं विचारलं. मास्तर म्हणाले, येऊ शकते. त्यावर ओट्यावर एवढा गोंधळ झाला की मास्तर चहा न घेताच निघून गेले.

मी तिथंच हात झटकून म्हणायला हवं होतं, की ठेवा तुमचा रोट. देव मानत नाही तर देवीच्या रोटाचा हट्ट कशाला, असं मला पुढं पुष्कळांनी विचारलं. खरं सांगतो, मला तो रोट हवा होता. तो गहू माझ्या शेतातला होता. त्या वर्षी तांबेऱ्याच्या रोगानं सगळ्यांचा गहू बारीक पडला होता, आणि आमच्या वाटणीच्या नदीकाठच्या तुकड्यातला तेवढा टपोरा आला होता. रोटाला चांगला गहू लागतो म्हणून आबांनी स्वतः माझ्याकडून पोतं नेलं होतं. मी पेरलेला, मी राखलेला, कापणीच्या दिवशी ज्याच्या पेंढीला मी हात जोडलेला गहू. आणि शिवाय, ती माझी माणसं होती.

गव्हाचा मुद्दा माझ्या बायकोनं दाराआडून काढला. पदर पुढं ओढून, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "सगळासन्या मुठी ह्यासना गहूमाईन, आनि ह्यासनीच मूठ नको?"

आबांनाही ते जाणवलं असावं. पण नियम तो नियम. मूठ टाकताना प्रत्येकानं आपल्या तोंडानं म्हणायचं असतं, 'कानबाई माय, मन्ही मूठ ले.' ते मी म्हणावं, मग झाडे वगैरे विसरून जाऊ, असा तोडगा त्यांनी काढला. मी म्हणालो, मूठ टाकतो, पण जिला मानत नाही तिचं नाव घेणार नाही. खोटं बोलून तिचा रोट खाल्ला तर तो तिचाच अपमान. यावरही थोडी चर्चा झाली, की जिला हा मानतच नाही तिच्या अपमानाची याला काय पडलीय.

इतका वेळ आई आत दाणे निवडत होती. ती बाहेर आली. मोठ्या दिरासमोर ती कधी मान वर करून बोलली नव्हती. आताही तिनं मान खालीच ठेवली.

"मरेलनी मूठ बंद व्हस," ती म्हणाली. "मन्हा पोऱ्या जित्ता शे. जित्ता मानूसनी मूठ मी सूपमाईन काढाव नही."

एवढं बोलून ती आत गेली. माझी मूठ गेली तर माझा नुसता रोट जाणार होता. तिचा मात्र मुलगाच जाणार होता. हे मला तेव्हा कळलं, त्याआधी नाही. तोवर मी नुसता वाद जिंकत बसलो होतो.

शुक्रवारी संध्याकाळी आबा हसत आले. त्यांना रस्ता सापडला होता. ज्याला बोलता येत नाही त्या तान्ह्या पोराची मूठ त्याची आई टाकते आणि बोलते. तसं याचं करू. यालाही कानबाईपाशी बोलता येत नाही. फक्त मग तान्ह्या पोरासारखं वागायचं. शनिवारी मूठ पडल्यापासून सोमवारी कानबाई नदीवर जाईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, नाहीतर लबाडी उघडी पडेल.

मी अठ्ठावीस वर्षांचा होतो. मिशा होत्या. मी कबूल झालो.

शनिवारी सकाळी मला दोन पुतण्यांच्या मध्ये बसवलं. एक पाच महिन्यांचा, एक वर्षाचा. चुलतभावानं गंभीर चेहऱ्यानं माझ्या हातात खुळखुळा दिला. चुलती सगळ्या पोरांच्या गालाला काजळाची तीट लावत आली आणि मलाही लावून पुढं गेली. चेष्टा म्हणून नाही, तिचं लक्षच नव्हतं. कोठीतून घरची कानबाई काढली होती. म्हणजे पिढीजात नारळ, त्याला डोळे, नथ, हळदीकुंकू. पुरुष एकेक करून पुढं गेले, मूठ टाकून नाव घेतलं. मग बोलता न येणाऱ्यांची पाळी आली. दोन्ही पोरांच्या आयांनी मुठी टाकल्या आणि म्हणाल्या, 'कानबाई माय, मन्हा लेकरूनी मूठ ले.' वर्षाचा पुतण्या मधेच काहीतरी बोलला, तर आबांनी माझ्याकडेच डोळे वटारून बघितलं.

शेवटी आई उठली. तिनं मूठ भरली, वर पाव मूठ घेतली. ती कानबाईला फार भ्यायची. घरात नुसती शिंक आली तरी तिच्या नावानं उतारा काढायची. दोन-चार दाणे जमिनीवर सांडले, ते तिनं वाकून एकेक वेचले. मग सुपात मूठ सोडली आणि म्हणाली, "ही मन्हा पोऱ्यानी मूठ शे."

आणि मागं सरली.

"कानबाईनं नाव लेवानं ऱ्हायनं," आबा म्हणाले.

"तो लेत नही," आई म्हणाली.

"तो लेत नही. पन तू तं लेस ना?"

"मन्ही मूठ कठे शे? बायासनी मूठ ऱ्हास का? मी त्यानी बदल बोली ऱ्हायनी. तो जे बोलता नही, ते त्याना नाववर मी कसं बोलू?"

नियम आबांचाच होता. चूक कुठं काढावी ते त्यांना सुचेना. नारळाकडे बघून त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "चाला, जातं मांडा."

मला ओरडून सांगावंसं वाटलं, माय, घे तिचं नाव, काय बिघडतं. पण मला बोलायची मनाई होती. मी खुळखुळा हातात घेऊन बसून राहिलो आणि माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. चुलती म्हणाली, पोरगं भुकेजलं वाटतं.

पुढचे दोन दिवस घरादारानं हौस फेडून घेतली. चुलतभाऊ येता-जाता विचारायचा, रांगायला लागलं का? बायकोनं वर्षभराचं साठलेलं सगळं मला ऐकवलं आणि प्रत्येक मुद्द्यानंतर थोडं थांबून, काही म्हणणं आहे का, असंही विचारलं. रविवारी बाई बसली. रोट, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी, खीर झाली. मी पंगतीत बसून रोट खाल्ला. चांगला झाला होता. आई सगळ्यांना वाढत होती आणि मधूनमधून चोरून नारळाकडे बघत होती, घरात आलेल्या फौजदाराकडे बघावं तशी.

सोमवारी वाजतगाजत बाई तापीवर नेली. नदीला गढूळ पूर होता. सगळ्यांची आरती झाल्यावर आई नारळ घेऊन गुडघाभर पाण्यात गेली. तो पाण्यात बुडवायचा आणि परत घरी आणायचा, एवढंच काम. पण तिनं तो कपाळाला लावला आणि कितीतरी वेळ ओठ हलवत उभी राहिली. आबांनी दोनदा हाक मारली. मग तिनं नारळ बुडवला आणि ओल्या लुगड्यानं वर आली.

परतीच्या वाटेवर मी तिच्याजवळ गेलो. आता मला बोलायला मोकळीक होती. "माय, काय सांगं तिले?"

ती सहज म्हणाली, "सांगं, कोप करना व्हई तं मन्हावर कर. मूठ मी टाकी, नाव मी नही लिधं. पोऱ्याना काय दोस, त्याले बोलताच येत नही."

ती मुळीच हसत नव्हती. ओट्यावर ठरलेलं ते सगळं सोंग तिनं खरं धरून देवीला सांगितलं होतं. त्याबद्दल मी तिच्याशी नंतरही कधी बोललो नाही. गावात लोक मला धीट म्हणत, देवाला न भिणारा म्हणत, आणि ते ऐकायला मला आवडायचं. त्या वाटेवर मला त्याची लाज वाटली. माझ्या वाट्याची सगळी भीती आई एकटी उचलून चालली होती, म्हणून मला भीती नव्हती.